जाणकारांची खुंटी

आमच्या गणिताच्या सरांच्या हातात पुस्तक दिलं की ते आधी पानाच्या तळाशी बघत. वरचा मजकूर वाचायची त्यांना घाई नसे. तळटीपा संपल्या, चहा संपला आणि पुढच्या तासाला अजून वेळ उरला, तर कधीमधी ते वर येत. वर माणूस बोलत असतो, तो कुणाचं ऐकून बोलतो ते खाली कळतं, असं त्यांचं म्हणणं. मला स्वतःला तळटीप म्हणजे जेवताना दाताखाली आलेला खडा वाटायची, त्यामुळे सुरुवातीला आमचं काही जमलं नाही.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झालो तेव्हा निजामाचं संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. गावाचं नाव कागदावर उस्मानाबाद होतं, तोंडात धाराशिव होतं, आणि शाळेचा शिपाई रजेच्या अर्जाला अजून दरख्वास्तच म्हणत होता. सर याच शाळेत उर्दूतून शिकले आणि याच शाळेत मराठीतून शिकवायला लागले. भाषा बदलल्याचा त्यांना फारसा त्रास झाला नाही. भागाकार कुठल्याही भाषेत तेवढाच येतो, असं ते म्हणत.

मुलं त्यांना पाठीमागं 'आधार' म्हणत. समोरचा काहीही बोलला की सर शांतपणे विचारीत, "आधार?" आज पाऊस येईल म्हणावं, तर आधार. तुळजापूरची गाडी उशिरा सुटते म्हणावं, तर आधार. हेडमास्तर एकदा म्हणाले की साखरेच्या रोगाला कारलं चांगलं. सरांनी आधार विचारला. हेडमास्तर म्हणाले, बायको म्हणते. सरांनी मान डोलावली आणि समाधानानं चहा संपवला. नाव कळलं की त्यांचं काम भागे. गोष्ट खरी की खोटी हा त्यांच्या लेखी पुढचा तास होता. एका लग्नात "मुलगा सालस आहे" असं म्हणणाऱ्या मुलाच्या मामांना त्यांनी इतक्यांदा आधार विचारला की वरपक्ष रुसून जानवशाला जाऊन बसला. त्यानंतर वहिनी, म्हणजे सरांची बायको, लग्नाला एकट्याच जाऊ लागल्या.

सरांचं खरं कर्तृत्व त्यांच्या घरी, पुढच्या खोलीच्या भिंतीवर होतं. जिल्ह्याच्या इतिहासावर ज्यानं ज्यानं काही छापलं होतं त्याच्या नावाचा एकेक खिळा त्यांनी चुन्याच्या भिंतीत मारला होता. एकानं दुसऱ्याचा आधार घेतला की पहिल्याच्या खिळ्यापासून दुसऱ्याच्या खिळ्यापर्यंत दोरा. नुसता उल्लेख असेल तर पांढरा, स्तुती असेल तर तांबडा, आणि शिवी घातली असेल तर काळा. काळ्या दोऱ्याला त्यांच्या हिशेबात दुप्पट वजन होतं. शिवी घालणाऱ्यानं निदान पुस्तक वाचलेलं असतं, असा त्यांचा विचार. मेहुण्याचा आधार घेतला तर तो अर्धा धरायचा. स्वतःचाच आधार घेतला तर धरायचाच नाही. आपल्या अंगाला आपणच दोरा गुंडाळला की माणसाचा भोवरा होतो, म्हणायचे. जे एकमेकांचे जास्त आधार घेतात त्यांचे खिळे उपटून ते जवळजवळ बसवीत. असं करता करता भिंतीवर आपोआप वस्त्या झाल्या होत्या. देवीबद्दल लिहिणारे एका कोपऱ्यात, किल्ल्यांवाले दुसरीकडं, तेरच्या जुन्या विटांवर भांडणारे मधोमध, आणि त्यांच्यात काळा दोरा इतका की तिथं मांजर अडकलं होतं.

दोरा सर मुरुम गावच्या एका विणकराकडून आणत. त्याच्या मागावर उरलेली टोकं तो त्यांना फुकट देई. हे कशाला लागतं असं त्यानं एकदा विचारलं. सर म्हणाले, विद्वान बांधायला. विणकरानं पुन्हा विचारलं नाही.

सोनारीच्या एका गृहस्थांनी काळभैरवावर लहानसं पुस्तक लिहिलं होतं. त्यांनी कुणाचा आधार घेतला नव्हता आणि कुणी त्यांचा घेतला नव्हता. त्यांचा खिळा भिंतीच्या अगदी कडेला, दाराच्या चौकटीजवळ होता. सर त्यांना संन्यासी म्हणत आणि त्यांच्या खिळ्यावर कधी टोपी टांगू देत नसत.

जिल्ह्यात सगळ्यांत जास्त आधार कुणाचा घेतला जात असेल, हे मी एकदा कुतूहलानं विचारलं. मला वाटलं वकीलसाहेबांचं नाव येईल. विलीनीकरणानंतर त्यांनी जिल्ह्यावर जाडजूड मराठी पुस्तक लिहिलं होतं आणि पुढचे सगळे त्यांच्याच जिवावर लिहीत होते. पण सरांनी भिंतीच्या मध्यावर बोट ठेवलं. तिथं खिळा नव्हता, बैलाचं दावं अडकवतात तसली लाकडी खुंटी होती आणि तिच्यावर दोऱ्याचं गाठोडं झालं होतं.

"हे जाणकार," सर म्हणाले. "असं जाणकार सांगतात, असं जो तो लिहितो. पहिला खिळा वजनानं निघून आला, म्हणून खुंटी ठोकली."

चेष्टा करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्या जाणकारांना गाठायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला होता. परंड्याच्या एका लेखकाला जाऊन विचारलं, तुमचे जाणकार कोण. त्यानं तुळजापूरच्या एका पुजाऱ्याचं नाव सांगितलं. पुजारी म्हणाले, आम्ही कसले जाणकार, आम्ही तर परंड्याच्या लेखकाचं वाचून सांगतो. सर परत आले, खुंटीला आणखी एक दोरा बांधला आणि हातपाय धुऊन जेवायला बसले.

भिंतीची बातमी पसरली तशी घरी माणसं यायला लागली. आपला खिळा कुठं आहे ते बघायचे, दोरे मोजायचे, आणि जाताना वहिनींच्या हातात गुळाची ढेप नाहीतर हरभऱ्याचा डहाळा द्यायचे. सर गूळ परत करीत. डहाळा वहिनी परत करू देत नसत. मग काही हुशार लोकांनी गूळ सोडून दुसरी वाट धरली. एकानं आपल्या दोन्ही जावयांना लेख लिहायला बसवलं. मुरुमचा एक आणि तुळजापूरचा एक, या दोघांनी आपसात ठरवूनच टाकलं की तू माझा आधार घे, मी तुझा घेतो. वर्षभरात त्या दोघांच्या खिळ्यांमध्ये दोऱ्याचा चांगला जाड पीळ झाला आणि वहिनी त्याच्यावर ओले पंचे वाळत घालायला लागल्या. सरांनी ते बघितलं. म्हणाले, आता उपयोगाला आला.

भिंतीवर डाव्या अंगाला, सगळ्यांच्या वर, एक खिळा रिकामा होता. तो सर दिवाळीला कापडानं पुसून घेत. मी विचारलं तर म्हणाले, माझे उस्ताद.

उस्ताद म्हणजे मौलवीसाहेब. निजामाच्या वेळी शाळेत उर्दू-फारशी शिकवायचे. शाळा मराठी झाल्यावर त्यांना शिकवायला काही उरलं नाही. पेन्शन घेऊन ते दर्ग्याच्या बाजूला आपल्या घरी, ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसत. ऐन उमेदीत त्यांनी जिल्ह्यातल्या बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवर, शाळेच्या वार्षिकात उर्दूत मोठा लेख लिहिला होता. प्रत्येक बारवेत स्वतः उतरून, दोरी टाकून पाण्याची खोली घेतली होती, दगडावरची अक्षरं उतरवली होती. लहानपणी सरांना बारव आणि भूमिती दोन्ही त्यांनीच दाखवलं. पण ती वार्षिकं आता शाळेच्या प्रयोगशाळेत, फुटक्या काचपात्रांच्या मागं पेटीत पडली होती. नवीन लिहिणाऱ्यांत उर्दू वाचणारे थोडे, आणि वाचता येतं असं सांगणारे त्याहून थोडे. उस्तादांना दोरा कुठून येणार?

तुम्हीच एखादा लेख लिहा आणि आधार द्या, असं मी सुचवलं. सर माझ्याकडं असे बघत राहिले की मी जणू परीक्षेत पेपर फोडायला सांगत होतो. भिंत ज्याची त्याचा दोरा धरायचा नाही, हा त्यांचा नियम होता. दोरा दुसऱ्यानं आपण होऊन द्यायचा. त्या एका दोऱ्याची ते वर्षानुवर्षं वाट बघत होते. मौलवीसाहेबांना खोकला लागायचा तेव्हा सरांचं शिकवण्यात लक्ष नसे, हे मी पाहिलं आहे.

अशात गावच्या वाचनालयानं वकीलसाहेबांचा सत्कार करायचं ठरवलं. चिटणीस सरांकडं आले. मानपत्रात वकीलसाहेब जिल्ह्यातले पहिल्या क्रमांकाचे संशोधक आहेत असं लिहायचं होतं, आणि ते भिंतीवरून सिद्ध करून सरांनी सभेत सांगावं अशी विनंती होती. भिंतीला पहिल्यांदाच कुणी सरकारी थाटात बोलावलं होतं. सरांनी त्या दिवशी इस्त्रीचा कोट घातला. वकीलसाहेबांचा क्रमांक जाणकारांच्या खालोखाल होता, पण जाणकार सत्काराला येण्यासारखे नसल्यानं अडचण नव्हती.

तेवढ्यात मी मुलांची सहल घेऊन जळकोटला गेलो. हमरस्त्यापासून आत एक बारव आहे. वकीलसाहेबांच्या पुस्तकात तिचं फार सुंदर वर्णन आहे: पूर्वेच्या तोंडाशी जुना उंबर, त्याची फळं पाण्यात पडतात, वगैरे. ते मी वर्गात पाठ करून घेतलं होतं. तिथं गेलो तर उंबर नाही. चिंच होती, दोन बाभळी होत्या. मोटेवरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "उंबर इथं कदीच नव्हता. जो येतो त्यो उंबरच इचारतो."

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत मी हे सहज सांगितलं. सरांनी आधार विचारला नाही. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "उंबर मी लहानपणी कुठंतरी लिहून घेतलाय."

ते उठून प्रयोगशाळेत गेले. शाळा सुटेपर्यंत त्यांच्या वर्गाला कुणी गेलं नाही. संध्याकाळी ते धुळीनं माखून बाहेर आले ते वार्षिक हातात घेऊन. मौलवीसाहेबांचा लेख, जळकोटची बारव, पूर्वेचं तोंड, उंबर, पाण्यात पडणारी फळं. वकीलसाहेबांनी तो तुकडा जसाच्या तसा मराठीत आणला होता. आणि खाली कुणाचंच नाव दिलं नव्हतं, म्हणून सरांना तो इतकी वर्षं दिसला नव्हता. त्यांनी वकीलसाहेबांच्या पुस्तकाची प्रत्येक तळटीप वाचली होती. वरचं एक पान वाचलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत सरांनी आयुष्यात पहिल्यांदा वरचा मजकूर वाचून काढला. फार हाल झाले त्यांचे. इतकं लांबट लिहितात हे मला माहीत नव्हतं, असं ते मला रोज सांगत. पण जो जो जळकोटबद्दल लिहीत होता त्याच्या लिखाणात तो उंबर उभा होता. सगळ्यांनी वकीलसाहेबांचा आधार दिला होता, आणि वकीलसाहेबांच्या मागं मौलवीसाहेब होते. खरी गोष्ट दोघांना वेगवेगळी सापडू शकते. नसलेलं झाड सगळ्यांना एकाच जागी दिसतं ते एकमेकांचं बघूनच.

सर मला घेऊन वकीलसाहेबांकडं गेले. माणूस लबाड नव्हता. त्यांनी लेख वाचल्याचं लगेच कबूल केलं. म्हणाले, त्या दिवसांत खाली उर्दू नाव घातलं असतं तर पुस्तक छापायला कुणी तयार झालं नसतं, नंतर राहून गेलं. नव्या आवृत्तीत घालतो म्हणाले, आणि वहीत टिपूनही घेतलं. सर इतके खूश झाले की तिथून घरी न जाता सरळ मौलवीसाहेबांच्या ओसरीवर गेले. मी मागून चालत होतो. एरवी सर रस्त्यानं खिळ्यांच्या दुकानापाशी थांबत, त्या दिवशी थांबले नाहीत.

मौलवीसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मास्तर, त्यांनी माझं काय घेतलं म्हणालात?"

"जळकोटचा उंबर."

"मी बाकीच्या सगळ्या बारवांत उतरलो. माप घेतलं. त्यातलं कुणी काय घेतलं का?"

सर म्हणाले, नाही.

"जळकोटला मी गेलोच नव्हतो. नळदुर्गात पाय मुरगळला, तिथूनच वापस फिरलो. टांगेवाल्याला विचारून लिहिलं. बारव हाय म्हणजे उंबर असणारच, असं मला वाटलं. आपल्याकडं उंबर तिथं पाणी म्हणतात, मी उलटं धरलं." "जेवढं बघितलं तेवढं पेटीत ऱ्हायलं. न बघितलेलं तेवढं जिल्हाभर गेलं."

मला तिथं बसवेना. सर मात्र हात मांडीवर ठेवून वर्गातल्या मुलासारखे बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं की सभेत तुमचं नाव घेऊ का. ज्या दोऱ्यासाठी इतकी वर्षं थांबले तो हाताशी आला होता, आणि तो बांधायचा तर उस्तादांच्या चुकीलाच बांधावा लागत होता. मौलवीसाहेब म्हणाले, घ्या, पण आधी चूक सांगा. जमत नसेल तर मी सांगतो.

सभेला गर्दी चांगली होती. सरांनी इस्त्रीच्या कोटात उभं राहून दोऱ्यांचा हिशेब सांगितला, वकीलसाहेबांचा क्रमांक सांगितला, आणि उस्तादांची चूक सांगायची वेळ आली तशी हातातला कागद घडी करून खिशात घातला. गणिताच्या शिक्षकानं हिशेब मध्येच का सोडावा हे लोकांना कळेना. ते खाली बसले. तेव्हा दुसऱ्या रांगेतून मौलवीसाहेब काठी टेकत उठले. जुनी शेरवानी घालून आले होते. त्या गावात त्यांना सभेत मराठीतून बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"जळकोटच्या बारवेवर उंबर न्हाय," ते म्हणाले. "ते मी न बघता लिहिलं. ज्यांनी माझ्याकडून घेतलं असेल त्यांनी मेहरबानी करून ते वापस करावं."

लोकांना वाटलं, काहीतरी खोल अर्थाचं बोलले. टाळ्या पडल्या. चिटणिसांनी वयोवृद्ध मौलवीसाहेबांनी दिलेल्या आशीर्वादाबद्दल आभार मानले आणि पेढे वाटले.

पुढं वकीलसाहेबांची नवी आवृत्ती निघाली. शब्दाला जागले होते. त्या पानाच्या तळाशी मौलवीसाहेबांचं पूर्ण नाव, लेख, वार्षिक, सगळं व्यवस्थित दिलं होतं. आणि वर उंबर तसाच होता, फळांसकट. सर विचारायला गेले तेव्हा वकीलसाहेबांना खरंच नवल वाटलं. म्हणाले, आता तर आधार मिळाला, मग झाड काढायचं कशाला?

सरांनी नियमानं दोरा बांधला. पांढरा. गाठ दोनदा सुटली, शेवटी ती वहिनींनी मारून दिली. मौलवीसाहेबांना आम्ही धरून भिंत दाखवायला आणलं. ते खुर्चीवर बसून बराच वेळ वर बघत राहिले. हा दोरा काढता येईल का, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, छापलं गेलंय.

"छापलेलं दुरुस्त होत न्हाय," मौलवीसाहेब म्हणाले. "पण झाड तर लावता येतं."

उंबराचं रोप आमच्या शाळेच्याच मागच्या भिंतीच्या भेगेत उगवलं होतं. शिपायानं ते मुळासकट सोडवून गोणपाटात बांधून दिलं. आषाढात आम्ही तिघं एस.टी.नं जळकोटला गेलो. मोटेवरचा म्हातारा तिथं होताच. आम्ही कशाला आलो ते कळल्यावर तो काळजीत पडला. म्हणाला, "उंबर कुणी लावत नसतंय, साहेब. त्यो पाखरं लावत्यात."

"मग मला पाखरू समजा," मौलवीसाहेब म्हणाले.

सरांनी पुस्तक उघडून पूर्वेचं तोंड वाचून दाखवलं. वरच्या मजकुरातून. खड्डा मी खणला, मला फोड आले. रोप लावून झाल्यावर मौलवीसाहेब बारवेच्या पायऱ्यांवर बसले आणि बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकत पाण्यापर्यंत गेले. सर त्यांच्या पुढं उलट्या तोंडानं उतरत होते, पडले तर अंगावर घ्यायला. खाली ते किती वेळ होते मी बघितलं नाही, मला रडू येत होतं आणि म्हातारा माझ्याकडं बघत होता. वर आल्यावर मौलवीसाहेबांनी डब्यातलं पाणी रोपाला घातलं. म्हणाले, "लिहिली त्यापेक्षा चांगली हाय."

त्या हिवाळ्यात ते गेले. सर पुढं रिटायर होऊन मुलाकडं राहायला गेले, तिथं भिंती सिमेंटच्या होत्या, खिळा शिरत नसे. धाराशिवच्या घरात आलेल्या नव्या भाडेकरूनं भोकं बुजवून खोलीला पिवळा रंग दिला. सर गेल्याचं मला पत्रानं कळलं. शेवटपर्यंत त्यांना एकच रुखरुख होती, की जाणकार कोण ते काही सापडलं नाही.

त्यानंतर कधीतरी सोलापूरला जाताना मी जळकोटला उतरलो. उंबर चांगला डेरेदार झाला होता, फळं पाण्यात पडत होती. एक तरुण मास्तर मुलांना बारव दाखवत होते. हा उंबर बारवेइतकाच पुराणा आहे, असं ते सांगत होते, असं जाणकार म्हणतात.

मी आधार विचारला नाही. सर ज्यांना आयुष्यभर शोधत राहिले, ते जाणकार मी एकदा या फाट्यावर एस.टी.तून उतरताना पाहिले होते. शेरवानीला माती लागू नये म्हणून त्यांचं रोप मी धरलं होतं.